छाती लागेपर्यंत

पोशीर, १४ जुलै

हर्षला,

नावाच्या आधी काय लिहायचं इथेच माझी दुपार गेली. 'सौ.' लिहावं तर मागच्या आठवड्यात कोर्टात अर्ज पडलाय, 'कु.' लिहावं तर तू मारशील, आणि 'प्रिय' लिहिलं तर पुढचं वाचणार नाहीस. म्हणून नुसतं नाव लिहिलंय. आधीचं काय ते तू आपलं समजून घे.

फोन करायचा नाही असं तू बजावलंस, कारण माझा आवाज ऐकला की तू ढासळतेस. पत्राचं विचारलं तेव्हा म्हणालीस, वाचेन की नाही सांगत नाही, पण फाडणार नाही. मला तेवढं पुरे आहे. तू शिकवायला गेलीस त्या नाशिकच्या अकॅडमीचा पत्ता आपल्या वर्गातल्या समीक्षाने दिला. तिच्यावर चिडू नकोस, मीच तिच्या मागे लागलो होतो.

गेलं वर्षभर बरं होतं, असं आता वाटतं. तू खालापूरला माहेरी होतीस आणि माझी कंपनी तिथून हाकेच्या अंतरावर. शिफ्ट सुटली की मी तुमच्या ओट्यावर येऊन बसायचो. तुझे बाबा चहा द्यायचे आणि पेपर वाचत बसायचे, तू आतल्या खोलीत असायचीस. तू बाहेर आली नाहीस तरी आत भांडं वाजलं की कळायचं, आहे. आता नाशिकला एवढ्या लांब जाऊन काय वाजवशील आणि मला काय ऐकू येईल?

गोठ्यातली आपली व्यायामशाळा अजून चालू आहे. माहेरी जाताना तू सांगितलं होतंस, गोठ्याला कुलूप लाव. मी कुलूप घेऊन दारापर्यंत गेलोही होतो, तर कोंडाजीकाका सायकल टेकवून उभे. म्हणाले, "मास्तरीण नाय तर नाय. तू हायेस ना? मग उघड." रेल्वेतून रिटायर झालेला माणूस या वयात नेरळहून माथेरानच्या दस्तुरीचा घाट सायकलने चढतो, त्याला परत कसं पाठवायचं? तेव्हापासून मी मास्तर. तुझ्या वर्गात माझं काम वजनांचा बार उचलून जागेवर ठेवायचं आणि लोकांचे घोटे धरायचं, एवढंच होतं. आता तुझीच वाक्यं म्हणून वेळ मारून नेतो. धावून पाय दमतात, मजबूत होत नाहीत, मजबूत व्हायला उचलावं लागतं. सायकलवाल्यांचं बूड झोपलेलं असतं, आधी ते जागं करा. तू हे म्हणायचीस तेव्हा अख्खा गोठा हसायचा. मी म्हटलं तर सगळे आपापलं बूड चाचपून बघतात.

वकील म्हणतात, जानेवारीत पनवेलला पुन्हा बोलावतील आणि दोघांना विचारतील, अजून तेच म्हणणं आहे का. दोघांपैकी एकाने जरी नाही म्हटलं तरी घटस्फोट तिथेच थांबतो. हर्षला, मी सही केली ती तू समोर रडत होतीस म्हणून. जानेवारीत मला विचारलं तर मी नाही म्हणणार आहे. आधीच सांगून ठेवतो, मागून दगा दिला असं नको.

त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना तू म्हणालीस, "सोडलं मी, दत्ता." आईसमोर तू मला अहो म्हणायचीस आणि गोठ्यात दत्ता. त्या पायऱ्यांवर तू गोठ्यातलं नाव घेतलंस, ते काही माझ्या डोक्यातून जात नाही.

तुझा,
दत्ता


पोशीर, १० ऑगस्ट

हर्षला,

समीक्षाची हनुवटी फुटली. घाबरू नकोस, टाके घातलेत, बँकेत मास्क लावून जाते आणि गिऱ्हाइकांना सर्दी झाल्याचं सांगते. पण कसं झालं ते तुला सांगायलाच हवं.

शेलूचा साईराज म्हणून एक नवा आलाय. सायकल एवढी हलकी की एका बोटावर उचलावी, आणि गुडघे मात्र म्हाताऱ्यासारखे कुरकुरतात. त्या दिवशी मांडीच्या मागच्या स्नायूंचा तो व्यायाम होता, कोंडाजीकाका ज्याला दंडवत म्हणतात. घोटे धरायला मी साईराजला बसवलं. त्याला नीट समजावलं की समीक्षा गुडघ्यांवर उभी राहील, तू मागे बसून तिचे घोटे जमिनीशी दाबून धर, ती पाठ ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकत जाईल, आणि सगळा भार मांड्यांवर तोलता तोलता एका जागी तिला तो पेलवेनासा होईल. तेव्हा ती 'सोडला' म्हणेल आणि हातांवर येऊन छाती टेकेल. त्याने मान डोलावली. इतक्यात कोंडाजीकाकांनी मला बार उचलायला हाक मारली आणि मी तिकडे वळलो.

समीक्षा झुकत गेली, अर्ध्यावर म्हणाली 'सोडला', आणि या बाबाने तिचे घोटे सोडले. पाय वर उडाले आणि हनुवटी फरशीवर. नेमकी मॅटच्या बाहेर होती ती.

साईराज रडकुंडीला आला. सारखं एकच म्हणत होता की त्या सोडला म्हणाल्या म्हणून मी सोडलं. मी त्याला ओरडणार होतो, पण कोंडाजीकाका शांतपणे त्याच्याजवळ जाऊन बसले.

"आरं, ती सोडते म्हनून तर तू धरायचं," ते म्हणाले.

मी टाकीपाशी जाऊन तोंडावर पाणी मारत राहिलो. आत सगळ्यांना वाटलं, मास्तरला रक्त बघवत नाही.

तुझा हा नियम मी किती वेळा ऐकलाय. प्रत्येक नवख्याला तू पहिल्याच दिवशी घोकायला लावायचीस. सोडला म्हणजे पडणाऱ्याने भार सोडला, धरणाऱ्याने हात नाही. त्यानंतरच घट्ट धरायचं. छाती जमिनीला टेकली की पडणारा 'लागली' म्हणतो, मग धरणारा मोकळा.

तू पायऱ्यांवर सोडलं म्हणालीस. मी धरून आहे, हर्षला. माझ्या हट्टाने नाही, तुझ्याच नियमाने.

तुझा,
दत्ता


पोशीर, २१ सप्टेंबर

हर्षला,

बाळाबद्दल लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण काल आई गोठ्यात आली, तेव्हा लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बाळ गेल्यापासून तिने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. समोरून जातानाही पदर ओढून तोंड फिरवायची. काल वर्ग चालू असताना दारात येऊन उभी राहिली. गुडघे धरलेत, जिना चढवत नाही, काही करता येतं का, असं विचारायला आली होती. मी तिला स्टुलावर बसवलं आणि हात न टेकता उठायला सांगितलं. उठली, बसली, पुन्हा उठली. समीक्षा तिच्यासोबत उठबस करत होती. मधेच आईची नजर त्या निळ्या मऊ मॅटवर गेली. बाळ रांगायला लागलं की वर्ग चालू असताना इथेच सोडता येईल म्हणून आपण ती आणली होती. आईला ते माहीत आहे. ती उठायचं थांबली.

तिने काय म्हटलं होतं ते मी विसरलेलो नाही. भेटायला आलेल्या बायांसमोर, तू आत पडलेली असताना, 'वजनं उचलून लेकरू घालवलं' म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की वजनांचा काहीही संबंध नाही, तू त्यांना विचारूनच हलकं हलकं करत होतीस, पाचव्या महिन्यात असं कधी कधी होतं आणि कारण सापडत नाही. मी ते सगळं ओटीवर उभं राहून त्याच बायांसमोर आईला ऐकवलं. तू आतून ऐकलंस हे मला माहीत आहे. पण कारण सापडत नाही हे लोकांना चालत नाही. त्यांना कारण लागतं, आणि वजनं गोठ्यात समोरच पडलेली होती.

आईपासून वेगळं राहू म्हणून मी नेरळला खोली बघून आलो तेव्हा तू म्हणालीस, खोली बदलून काय होणार, तू तर तोच राहशील ना. मला वाटलं, खूप दिवसांनी चेष्टा केलीस. मी हसलोही.

काल वर्ग सुटल्यावर आई तिथेच बसून राहिली. म्हणाली, हे हर्षलाने शिकवायला हवं होतं. मी वजनांच्या प्लेटा आवरत होतो. मग ती म्हणाली, "तिला लिव्ह. मी बोलले ते तिच्यासाठी नवतं. कुनावर तरी ढकलल्याबिगर मला झोप लागत नवती, म्हनून बोलले." तिने सांगितलं तसं लिहिलंय. तू माफ कर असं मी म्हणत नाही, तुला जे वाटेल ते वाटू दे.

आणि एक माझं. कंपनीत परत गेलो तेव्हा सगळे म्हणाले, बायकोची काळजी घे. मी घेतली, निदान घ्यायचा प्रयत्न केला. तुझं काय रे, असं कोणी विचारलं नाही. मी रोज कर्जत ते खालापूर सायकलवर रडून घ्यायचो. चढाला सगळेच धापा टाकतात, कोणाला कळत नाही. हे तुला सांगितलं नव्हतं, कारण तुझ्याजवळ तुझंच पुष्कळ होतं. आता सांगितलं.

तुझा,
दत्ता


पोशीर, २ नोव्हेंबर

हर्षला,

तुझं कार्ड आलं. पोस्टमन गेल्यावर मी ते आधी वासावरून ओळखायचा प्रयत्न केला. कार्डाला कार्डाचाच वास होता.

'साईराजला इतक्यात घोटे धरायला देऊ नकोस. काकांना बार नको, वाळूची गोणी उचलू दे, त्यांची कंबर जुनी आहे. आईंचं स्टूल बुटकं आहे, खाली पाट ठेव, जमायला लागलं की पाट काढ. घाटात तुझा डावा गुडघा दुखतो असं कळलं. पोटऱ्या कच्च्या आहेत तुझ्या, पहिल्यापासून. टाचा उचलायचा व्यायाम कर, उतरताना सावकाश. हर्षला.'

एवढंच. कोंडाजीकाकांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, ही चिठ्ठी हाय का औषधाची पर्ची? मी म्हटलं, काका, पर्ची तरी कोण लिहितं? ज्याला रोगी बरा व्हावासा वाटतो, तोच ना? काका गोणी उचलायला गेले.

मी ते कार्ड इतकं वाचलंय की आता घड्या पडल्यात. 'आईंचं' लिहिलंस, 'तुझ्या आईचं' नाही लिहिलंस. 'पहिल्यापासून' लिहिलंस, म्हणजे पहिल्यापासूनचं तुला आठवतं. हसू नकोस. माणूस उपाशी असला की शितं वेचून खातो.

पाट ठेवलाय. आईला दिवसेंदिवस जमतंय, शेजारणींना उठून दाखवते. टाचा उचलायला मला बरोबर उंचीची पायरी मिळेना म्हणून मी उंबऱ्यावर उभा राहायचो, तर आई ओरडते की उंबऱ्यावर उभं राहू नये, घरातलं माणूस घराबाहेर राहतं. आता मी विटेवर उभा राहतो.

डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी कर्जतला शर्यत आहे. समीक्षा धावणार, काका बाहेरून सायकलने तिच्यासोबत जाणार. ती तुझी तयार केलेली आहे, मी नुसतं पाणी घातलं. बघायला ये. माझ्याशी बोलायची गरज नाही, मी लांब उभा राहीन.

वकिलांना सांगून ठेवलंय, मी जानेवारीत नाही म्हणणार. ते म्हणाले, बघा बुवा, विचार करा. मी म्हटलं, केलाय.

तुझा,
दत्ता


पोशीर, ४ जानेवारी

हर्षला,

तू समोर होतीस तेव्हा माझ्या तोंडून काही निघालं नाही, म्हणून हे लिहितो. तू पाहिलेलंच पुन्हा सांगतोय, तरी वाच.

शर्यतीत शेवटच्या चढाला समीक्षा सगळ्यांमध्ये उठून दिसत होती, बाकीचे कमरेत वाकलेले आणि ही ताठ. तू गर्दीतून ओरडलीस, "गुडघा वर!" तो आवाज ऐकला आणि मी टाळ्या वाजवायचंच विसरलो. ठरल्याप्रमाणे लांब उभा राहिलो. मग काका म्हणाले, मास्तरीण, घरी चल, च्या घेऊ, आणि तू हो म्हणालीस. तू हो म्हणशील असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

आईने तुझा हात धरला आणि सोडेचना. तू तिला स्टुलावरून उठून दाखवायला सांगितलंस, तिने पाटाशिवाय उठून दाखवलं, आणि तू तिच्या पाठीवर थाप मारलीस, आपण वर्गात मारतो तशी. तेवढ्यावर मी मनात सगळं घर पुन्हा मांडून टाकलं. तुझे बूट कुठे असायचे, तुझी पाण्याची बाटली कुठे.

मग तू गोठ्यात गेलीस आणि मी मागोमाग आलो. तू बारला हात लावलास, गोणीला पाय लावून बघितलास. बूट काढून त्या निळ्या मॅटवर गुडघे टेकलेस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "धर."

मी धरलं. तू किती सावकाश खाली गेलीस, हर्षला. इतकी वर्षं घोटे धरले, पण एवढा वेळ तोललेलं कोणाला पाहिलं नाही. तुझ्या पोटऱ्या थरथरायला लागल्या, मग अख्खे पाय. तू 'सोडला' म्हणालीस आणि मी अजून दाबून धरलं. छाती मॅटला टेकली. तू म्हणालीस, "लागली."

मी हात काढले नाहीत.

तुला वाटलं मला ऐकू आलं नाही. तू पुन्हा म्हणालीस. मग तू कपाळ मॅटवर टेकलंस आणि तुझी पाठ हलायला लागली. मला वाटलं, रडू दे, मी धरलंय तोवर ती कुठे जात नाही. खरंच असं वाटलं मला.

"दत्ता, लागली रे," तू म्हणालीस. "छाती लागून कधीच झालं. तू घोटे धरून बसलास तर मी उठणार कशी?"

मी विचारलं, उठून कुठे जाणार.

"माहीत नाही. पण मला उठायचंय. तू काही चुकला नाहीस. आईंवरही माझा राग नाही. तुझ्या तोंडाकडे बघितलं की मला ते दिसतं, दत्ता. तुझंच नाक असतं त्याला."

तेव्हा मी हात काढले.

तू एक गुडघा पुढे घेतलास, त्यावर हात टेकलास आणि उठलीस. कोणाचा आधार घेतला नाहीस. तुझ्या घोट्यांवर माझ्या बोटांचे वळ उठले होते. आईला दिसू नयेत म्हणून तू मोजे वर ओढलेस, बूट घातलेस आणि घरच्या गाडीवर काकांच्या मागे बसून स्टेशनला गेलीस. मी तिथेच मॅटवर बसून होतो. आई दोनदा हाक मारून गेली.

मला नेरळच्या खोलीची गोष्ट आता कळली. तू चेष्टा केली नव्हतीस.

माझं तोंड मला बदलता येत नाही. येत असतं तर तेही केलं असतं, तुला माहीत आहे. मला अजून रोज वाटतं की तू यावंस. ते काही लगेच जाणार नाही आणि ते घालवायला मी तुझी मदत मागणार नाही.

वर्ग चालू राहील. साईराजला आता घोटे धरायला बसवतो. पोरगं शहाणं आहे, कानात प्राण आणून ऐकतं. मॅट तिथेच राहू देतो, लोक त्यावर पडतात तेव्हा त्यांना लागत नाही.

सोळा तारखेला पनवेल. मी आधीच येऊन आत बसेन, पायऱ्यांवर भेट नको. वकिलांना कळवलंय. विचारलं की मी हो म्हणेन. मोठ्याने आणि पहिल्या फटक्यात म्हणेन, म्हणजे तुला दोनदा सांगायला लागणार नाही.

दत्ता